कार्डाला शोभेल असा प्रोसेसर

घाईत घेतलेल्या निर्णयांनी मानवजातीचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं भूकंपांनीही केलेलं नाही. न घेतलेल्या निर्णयामुळे मात्र कोणाचं नुकसान झाल्याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडत नाही. (नोंद करावी की नाही, याचा निर्णय प्रलंबित आहे.) एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागातले साहेब हे तत्त्व मनोभावे पाळत. एकोणीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या हातून एकही चुकीची खरेदी झाली नव्हती. बरोबर खरेदीही झाली नव्हती, पण त्याबद्दल कोणाला नोटीस आल्याचं ऐकिवात नाही.

अशा या सज्जन माणसाच्या घरात संकट शिरलं ते त्यांच्या मुलीच्या हातून. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. कोपऱ्यावर कॉम्प्युटरचं नवं दुकान उघडलं, उद्घाटनाला सोडत होती, तिने चिठ्ठी टाकली आणि पहिलं बक्षीस लागलं: गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड. दोन पंख्यांचं, हातात घेतलं तर विटेएवढं जड. मुलीला एक खेळ खेळायचा होता, तो या कार्डाशिवाय उघडतच नसे. त्यात दोघांनी मिळून बेटावर दीपस्तंभ बांधायचा. एकाने दगड रचायचे, दुसऱ्याने कंदील धरायचा. एकट्याने तो खेळता येत नाही. कंदील तिने बाबासाठी राखून ठेवला होता.

दुकानदाराने घरी येऊन जुन्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसवलं. चाललं. मग तो सहज बोलून गेला, "साहेब, कार्ड एकदम दणकट आहे. प्रोसेसर जरा म्हातारा झालाय. चित्र कार्ड काढतं, पण काय काढायचं ते प्रोसेसर सांगतो ना. तो सांगेपर्यंत हे बसून राहणार." आणि पिशवीतून एक डबी काढून म्हणाला, "हा तुमच्या बोर्डावर बसतो. पाच मिनिटांत लावून देतो."

पाच मिनिटांत! साहेबांच्या अंगावर काटा आला. ज्या कार्यालयात टाचणीच्या खरेदीला पाच महिने लागतात (टाचण्या अजून यायच्या आहेत), तिथे आयुष्य घालवलेल्या माणसापुढे कोणी असं बोलावं? त्यांनी दुकानदाराला चहा पाजून डबीसकट परत पाठवलं.

मग त्यांनी इंटरनेटवर हिशेब मांडून पाहिला. निकाल भयंकर होता. कार्ड आपल्या ताकदीच्या फक्त अडतीस टक्के काम करत होतं, बाकी बासष्ट टक्के नुसतं बसून होतं. साहेबांच्या कार्यालयात तीन इंजिनियर पाकिटांवर शिक्के मारायचे आणि दोन भाषा येणारी एक बाई दिवसभर लिफ्टजवळच्या रजिस्टरवर सह्या घ्यायची, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. कार्डाच्या बाबतीत मात्र त्यांना घास गिळवेना. "या घरात कोणाच्या गुणांची अशी माती होणार नाही," ते म्हणाले. त्यांनी कार्ड काढलं, पिशवीत घालून कपाटात चादरींखाली ठेवलं आणि शोभेलसा प्रोसेसर मिळेपर्यंत ते तिथेच राहील असं जाहीर केलं.

"किती दिवस, बाबा?" मुलीने विचारलं.

"आठ-दहा दिवस."

त्याच आठवड्यात घरात सुसंगती समिती स्थापन झाली. अध्यक्ष: साहेब. तज्ज्ञ सदस्य: साहेबांचा मेहुणा, म्हणजे मुलीचा मामा. त्याला सगळे थांबामामा म्हणत, कारण कोणी काहीही घ्यायला निघालं की तो म्हणे, "थांबा, पुढच्या तिमाहीत याहून चांगलं येतंय." (स्वतः मामाकडे फ्रिज नव्हता, पलंग नव्हता आणि लग्नही झालेलं नव्हतं. तो तिन्ही बाबतींत थांबला होता.) तिसरी सदस्य साहेबांची बायको. ती इस्पितळात अपघात विभागात नर्स असल्याने दिवसाला पन्नास निर्णय उभ्या उभ्या घेत असे, आणि याच कारणाने समितीत तिचं मत उतावळं धरलं जाई. मुलीला बैठकीला बसायची परवानगी होती, मताचा अधिकार नव्हता. ती लाभार्थी होती ना!

कामाची पद्धत निर्दोष होती. साहेब तुलनात्मक तक्ता करत. त्याला सुरुवातीला नऊ रकाने होते, पुढे चौसष्ट झाले. (एकोणसाठावा रकाना बाकीच्या रकान्यांच्या विश्वासार्हतेचा होता.) तक्ता पुरा होत आला की बाजारात नवा प्रोसेसर येई. मामा म्हणे, "बघ, थांबलो म्हणून वाचलो." मग तक्ता फाडून नवा करावा लागे. सात वर्षांत समितीच्या एकशे चौदा बैठका झाल्या. त्यातल्या नव्वद बैठका पुढची बैठक कधी घ्यायची हे ठरवण्यासाठी होत्या आणि उरलेल्या चोवीस पुरेशी उपस्थिती नसल्याने तहकूब झाल्या.

काम पुढे सरकलं नाही असं मात्र कोणी म्हणू नये. दुसऱ्या वर्षी एक प्रोसेसर कार्डाशी तंतोतंत जुळला. पण त्याला नवा बोर्ड लागत होता. नव्या बोर्डाला नवी मेमरी, मेमरीला नवा वीजपुरवठा, या सगळ्याला मोठा डबा, आणि मोठ्या डब्याला मोठं टेबल. टेबलावर मामासकट सगळ्यांचं एकमत झालं, कारण टेबलाची नवी आवृत्ती येत नाही. सुतार आला, मापं घेऊन गेला, टेबल आलं. सात वर्षांतली समितीची ही एकमेव खरेदी, आणि टेबल खरोखर छान आहे. ते आत येईना म्हणून दाराची चौकट काढावी लागली, ती पुन्हा कशी बसवायची हा विषय सध्या उपसमितीकडे आहे.

एका बैठकीत बायको म्हणाली, "अहो, पोरगी मोठी होतेय." इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'लाभार्थीच्या वाढीची नोंद घेण्यात आली.' पुढे पुढे मुलगी बैठकांना येईनाशी झाली. त्याचीही नोंद घेण्यात आली.

ती अठरा वर्षांची झाली आणि शिकायला दूरच्या गावी निघाली. जायच्या आदल्या दुपारी साहेब कार्यालयातून लवकर आले, तर त्या भल्यामोठ्या टेबलावर जुना कॉम्प्युटर चालू होता. चादरी जमिनीवर पडल्या होत्या. तिने कार्ड स्वतःच बसवलं होतं.

"बाबा, बस. कंदील तुझा."

साहेबांनी आधी चादरींच्या घड्या घातल्या. ते बसले. खेळ चालला. थोडा अडखळत, पण चालला. ती दगड रचत होती, साहेब कंदील धरून होते. दोन तास गेले. शेवटचा दगड बसला आणि दीपस्तंभ पेटला. सगळा समुद्र एकदम सोनेरी झाला, लांबवरच्या होड्या वळल्या आणि किनाऱ्याकडे येऊ लागल्या.

"बाबा, बघितलंस?" ती ओरडली.

"बघितलं ना!" साहेब म्हणाले. त्यांची नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात होती, तिथे सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा दिसतो. "अठ्ठावीस होता, बावीसवर घसरला. मी म्हणत नव्हतो?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती हसली, त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि बॅग भरायला गेली.

ती गेल्यावर साहेबांनी इतिवृत्ताची वही उघडली. 'लाभार्थी उपलब्ध नसल्याने प्रस्ताव दप्तरी दाखल' असं लिहायला त्यांनी पेन उचललं, आणि 'लाभार्थी' या शब्दाशी त्यांचा हात थांबला. मुलीचा चेहरा त्या सोनेरी उजेडात कसा दिसत होता, हे त्यांना काही केल्या आठवेना. ते तसेच उठले, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "कोणताही द्या." दुकानदार मटकन खुर्चीत बसला. मग त्याने तळाचा खण उघडून सात वर्षांपूर्वीची तीच डबी काढली. घरी येऊन प्रोसेसर लावायला त्याला पाच मिनिटं लागली.

जोडी अगदी जुळली. आकडा साठावर गेला आणि तिथेच ठाम राहिला. पडद्यावर निवांत समुद्र आला, रिकामं बेट आलं आणि एक ओळ आली: 'दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहोत.' साहेब कंदील घेऊन बसून राहिले.

ही हकिकत आम्ही आजवर दहा जणांना सांगितली. नऊ जणांनी एकच प्रश्न विचारला: त्या डबीत प्रोसेसर कोणता होता? (दहावे थांबामामा होते. ते म्हणाले, घाई केली.) मुलीचा फोन आला का, हे कोणी विचारलं नाही. आपल्यालाही मघापासून डबीवरचं नावच हवं असेल, तर संकोच करू नये. समितीत लाभार्थीची जागा रिकामी झाल्याने एक सदस्य वाढवायचा आहे. अर्ज करायची गरज नाही, आपली निवड झालेली आहे.