माल सोडून सगळं ठरलंय

हणमंतराव खराडे यांच्या धंद्याला सोमवारी सुट्टी होती. कामाची वेळ सकाळी सात ते दुपारी तीन. नऊला नाश्ता, साडेअकराला चहा, त्यात आलं फक्त थंडीच्या दिवसांत. शर्ट आकाशी, खिसा एकच आणि तो डावीकडे. दसऱ्याला पूजा झाली की प्रत्येकाला पाव किलो पेढे आणि घरी न्यायला नारळ. उशीर झाला तर दहा मिनिटं माफ, पण महिन्यातून दोनदाच. हे सगळं त्यांनी दोनशेपानी वहीत, पट्टीने रेघा मारून, निळ्या आणि लाल शाईने लिहून काढलं होतं. धंदा कसला, एवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं.

ती वही घेऊन ते एका संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले. बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या बरोब्बर खालच्या घरात राहतात. मी पालघरच्या एका ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवते, आणि धंद्याचा आराखडा कसा लिहावा हा धडा इतकी वर्षं शिकवून मी स्वतः आजवर लिंबूपाणीसुद्धा विकलेलं नाही. पण हणमंतरावांच्या लेखी मी या विषयातली डॉक्टरच.

"म्याडम, प्लॅन लिवायचाय. साधाच. येका पानाचा."

"कसल्या धंद्याचा?"

"ते शेवटी घेऊ. पयली सिस्टीम, मग बाकीचं. नोट करा."

'नोट करा' हा त्यांचा श्वास. त्यांच्याशी बोलताना हातात पेन नसेल तर माणसाला अपराधी वाटू लागतं.

घाईचं कारण असं होतं की आमच्या तळमजल्यावर पंपाशेजारी एक खोली रिकामी पडली होती. हणमंतरावांनी ती धंद्यासाठी मागितली. सोसायटीच्या सेक्रेटरींना तिथे स्कूटरी लावायच्या होत्या. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, पंधरा दिवसांनी रविवारी मीटिंग आहे, एका पानाचा प्लॅन द्या. पटला तर खोली तुमची, नाही तर स्कूटरींची.

हणमंतराव मूळचे तासगावकडचे. इथे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत त्यांनी बावीस वर्षं काढली. कंपनी गेल्या वर्षी गाशा गुंडाळून गुजरातेत गेली, हणमंतराव इथेच राहिले, पण त्यांच्यातली कंपनी काही निघाली नाही. घरात दुधाच्या पातेल्याला त्यांनी दोरीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे: एका बाजूला 'तापवले', दुसऱ्या बाजूला 'तापवायचे'. शालनवहिनी चिठ्ठी उलटी करायला विसरल्या की घरात चौकशी बसते. गच्चीवर एका काठीला वहिनींच्या जुन्या साडीची पिशवी शिवून अडकवलेली आहे. वारा कुठला आहे ते बघून हणमंतराव सकाळी जिन्यात जाहीर करतात, "आज वारा कारखान्याकडनं. खिडक्या लावून घ्या." आम्ही हसतो आणि मुकाट्याने खिडक्या लावतो.

तर आम्ही प्लॅनला बसलो. मी मुलांना सांगते तेच चार प्रश्न त्यांना विचारले. काय विकणार, कोणाला विकणार, कसं करणार आणि कोण करणार?

"शेवटनं घेऊ," हणमंतराव म्हणाले. "कोण करणार, ते पक्कं हाय. चार मान्सं. मी, पालघर-माहीमचा जयवंत, सालवडचा रामसकल, आन् मनोरच्या पल्याडचा लक्ष्मण. नोट करा."

आधी कळस मग पाया असा प्रकार होता, पण मी नोट केलं. "आता काय विकणार?"

"माल."

"अहो, पण कसला माल?"

यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच काहीतरी आडवळणाचं बोलत होते.

"कंपनीत तुम्ही काय बनवत होता?" मी दुसऱ्या बाजूने शिरले.

"चारशे दोन."

"म्हणजे काय?"

"पावडर. पिवळी."

"कशाची पावडर?"

"चारशे दोनची! ड्रम भरायचा, नंबर टाकायचा, गाडीत चढवायचा. पुढं ती दुसऱ्या कंपनीत जायची. तितं तिचं काय व्हायचं, ते त्येंना ठावं. रंग व्हायचा म्हंत्यात. लक्ष्मण म्हणायचा औषध व्हतंय. आमाला कुणी सांगितलं न्हाई, आमी बी इचारलं न्हाई. पर बावीस वर्सांत येक ब्याच फेल न्हाई!"

बावीस वर्षं हा माणूस अतिशय मन लावून कशाचं तरी काहीतरी बनवत होता. आता त्याला 'माल कसला' हा प्रश्न फालतू वाटला तर दोष कोणाला द्यायचा?

मग मीच धंदे सुचवायला लागले, आणि गोंधळ खरा तिथून वाढला. मी म्हटलं, वाणगावची मिरची जवळ आहे, मसाला करा. म्हणाले, "चालंल. किती मान्सं लागत्याल?" म्हटलं, वहिनी आणि तुम्ही, दोघं पुरे. "मग नको." मी पिठाची गिरणी म्हटलं. तिला एक माणूस पुरतो, म्हणून गिरणी बाद. झेरॉक्स बाद. इस्त्री तर त्यांनी पुरी ऐकूनही घेतली नाही. चिकूचे काप करून वाळवा म्हटलं, तर तिथे चौघं लागतील हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. पण पहिल्या वर्षी दोघांत भागेल असं मी म्हणाले मात्र, चिकू आमच्या आयुष्यातून गेला.

माणसं धंदा निवडताना खप बघतात, भांडवल बघतात. कामाला माणसं जास्त लागावीत अशी अट घालणारा धंदेवाला मी पहिल्यांदाच पाहत होते. मी वैतागले. मी वैतागले की माझ्या हातात लाल पेन येतं. मी त्यांच्या वहीत 'मनुष्यबळ: चार' यावर काट मारली आणि वर लिहिलं, एक.

"सुरुवात एकट्याने करायची असते, हणमंतराव. धंदा वाढला की माणसं वाढवा. पहिल्या वर्षी माणसं कमी ठेवायची, हा नियमच आहे."

ते त्या लाल रेघेकडे बघत राहिले. मग वही मिटून उठले.

"म्याडम, माल कमी करा की. मान्सं कशाला कमी करताय?"

आणि चप्पल घालून खाली गेले. पुढे चार दिवस ते वर आले नाहीत. जिन्यात भेटले तर वाऱ्याची दिशा सांगायचे, प्लॅनचं नाव नाही. मीटिंग तीन दिवसांवर आली होती.

शेवटी शालनवहिनी आल्या. भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या, म्हणजे काम अवघड असणार हे मी ओळखलं.

"ताई, तेवढी मान्सं ऱ्हाऊ द्या वो त्येंची," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या.

मग बसल्या आणि बोलल्या. हे चौघं बावीस वर्षं एकाच शिफ्टला होते. शिफ्ट फिरायची, चौघं मिळून फिरायचे. कंपनी बंद झाली त्या दिवशी त्यांना एकेकाला आत बोलावलं. सही घ्यायची आणि मागच्या गेटने सोडायचं, मग पुढच्याला हाक. हणमंतरावांचा नंबर पहिला लागला. सही करून ते बाहेर आले आणि इतरांची वाट बघत गेटवर थांबले, तर वॉचमनने हुसकलं. कोणाची कोणाशी धड भेटसुद्धा झाली नाही. आता जयवंत माहीमला वाडीत बसून असतो, फोन उचलत नाही. रामसकल सालवडला वॉचमनच्या नोकरीवर बारा-बारा तास उभा असतो. आणि लक्ष्मणच्या घरचे सगळे दरवर्षी भात झोडून झालं की वीटभट्टीला जातात. बावीस वर्षं तो कंपनीमुळे राहिला होता. या वर्षी तोही जाणार.

"ह्यांनी त्याला फोनवर शब्द दिलाय. म्हणले, लक्ष्मणा, ऐतवारपातुर दम धर, सिस्टीम बसवतोय." वहिनींनी पदराने नाक पुसलं. "कसली सिस्टीम, ते मला बी कळत न्हाई, ताई. ह्येंला तरी कुटं कळतंय?"

मला माझ्या लाल पेनाची लाज वाटली. मी चार प्रश्नांची उत्तरं मागत बसले होते आणि त्या माणसाने एकाच प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशीच दिलं होतं. त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, कारण त्याला दुसरं काही नकोच होतं.

मी तशीच खाली गेले. हणमंतराव टेबलाशी बसून नारळांचा हिशेब नव्याने मांडत होते.

"चार माणसं राहू देत," मी म्हटलं. "पण मला एक सांगा. कंपनीत असं कोणतं काम होतं, जे चौघांशिवाय करायचंच नाही?"

त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "रिअॅक्टर धुणं. घराएवढं बंद भांडं असतंय. आत येक जण. तोंडावर दोरी धरून येक जण. येक व्हॉल्वपाशी, कुणी चुकून सोडू ने म्हणून. आन् येक खाली पंपाला. चौघं नसले तर आत उतरायचंच न्हाई. मालक आला तरी न्हाई."

"मग तेच करा. पाण्याच्या टाक्या धुवा. बोईसरमध्ये टाकी नाही अशी बिल्डिंग आहे का?"

त्यांनी नारळांचा हिशेब बाजूला सारला. मग फार संशयाने म्हणाले, "पर त्यात माल कुटंय?"

"माल नाही. सेवा."

"म्हंजी भरायचं काय? ड्रमवर नंबर कसला टाकायचा?"

हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली. त्यांना ते पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण प्लॅन झाला. एक पान. 'काय विकणार' या पुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: टाकी धुणे (माल नाही).

मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी तो मोठ्याने वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "खराडे, टाकी धुवायला चार माणसं? आपल्याकडे एक माणूस येतो, ब्रश घेऊन आत उतरतो, तासात मोकळा."

"उतरतो की," हणमंतराव म्हणाले. "तवा वर कोण असतंय?"

"वर? वर कोणी नसतं."

"मग त्येला आत काय झालं, तर कळायचं कुनाला?"

दर सहा महिन्यांनी तो माणूस एकटा आत उतरत आलाय आणि वर आपल्यापैकी कोणीही कधी गेलं नाही, हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं असावं. सेक्रेटरी पान उलटसुलट करत म्हणाले, आधी आपली टाकी धुऊन दाखवा, मग खोलीचं बघू.

पुढच्या रविवारी सकाळी सातच्या ठोक्याला चौघं गच्चीवर हजर. सगळ्यांच्या अंगात आकाशी शर्ट, वहिनींनी रात्रंदिवस एक करून शिवलेले. जयवंत उंच, हडकुळा, पान खाऊन ओठ लाल झालेला. रामसकल रजा टाकून आला होता आणि एकच विचारत होता, "खराडेजी, चाय का टाइम वही है ना?" लक्ष्मण मात्र कपड्यांचं बोचकं घेऊनच आला होता. घरचे आदल्या दिवशी भट्टीवर गेले होते. दुपारच्या गाडीने त्यालाही निघायचं होतं. बोचकं त्याने जिन्याच्या दारापाशी ठेवलं आणि हणमंतरावांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मी साडेअकराला चहा घेऊन वर गेले. टाकी आमची ती केवढी? जयवंत आत उभा राहिला की छातीपासून वरचा सगळा बाहेर. तरीही त्याच्या कमरेला दोरी होती आणि दोरीचं टोक हणमंतरावांच्या मनगटाला. ते टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. दर दोन मिनिटांनी हाक मारायचे.

"जयवंत?"

"हाय."

"अहो, समोर तर दिसतोय," मी म्हटलं.

"दिसतोय वो. पर दिसून भागत न्हाई. आवाज याला पायजे. आत गेलेल्या मानसाला नावानं हाक मारायची आन् त्येनं ओ द्याची. सिस्टीम हाय ती."

चहा झाला. टाकी केव्हाच लख्ख झाली होती. जयवंत तळाला उगाच फडकं फिरवत होता, पण वर ये असं हणमंतराव म्हणेनात, आणि तोही निघेना.

"जयवंत?"

"हाय रं बाबा. आमी खं जातो टाकीतून?"

"रामसकल?"

तळमजल्यावरून, पंपापासून आरोळी आली, "हाँ, बोलो!"

"लक्ष्मण?"

लक्ष्मण तिथेच, चार हातांवर, व्हॉल्ववर हात ठेवून बसला होता. त्याने लगेच ओ दिली नाही. हणमंतरावांनी मान वर केली नाही, दोरीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

"लक्ष्मण?" त्यांनी पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज जरा बारीक झाला होता.

"हाय, दादा," लक्ष्मण म्हणाला. "हितंच हाय. नाय जात."