घरभर चिकटलेली स्पॅनिश

"तीन आठवड्यांत स्पॅनिश बोलून दाखवतो, बघच तू!" धाकट्याने आईला सुनावलं.

आठ महिने घरी बसलेला माणूस असं बोलला की घरचे देवाला हात जोडतात. पण मुलाखतीचं बोलावणं खरंच आलं होतं. मोठं फर्निचरचं दुकान, स्पॅनिश बोलणारं परदेशी गिऱ्हाईक! हे हुकलं तर ताईच्या नवऱ्याच्या कोंबड्या सांभाळायला जायचं, असं घरात ठरलेलं.

"लोक म्हणे 'कुचारा' आणि 'कुचियो'मध्ये घोळ घालतात. एक चमचा, एक सुरी. मी कशाला घालीन? वस्तूवरच चिठ्ठी!"

दुपारभर शब्दकोश उपसून त्याने साठ चिठ्ठ्या लिहिल्या, घरभर चिकटवल्या आणि गड जिंकल्यासारखा आडवा झाला. नेमकं तेव्हाच आईने घर पुसायला काढलं. चिठ्ठ्या सोलल्या, पुसणं झाल्यावर परत लावल्या. सगळ्या सरळ रेषेत, एकही वाया न घालवता. कुठली कुठे होती, एवढंच तिने पाहिलं नाही!

धाकट्याने मात्र तीन आठवडे मान मोडून घोकलं.

मुलाखतीच्या दिवशी दुकानात एक परदेशी आजी धापा टाकत शिरल्या. मालकीणबाईंनी त्याला खूण केली. हीच परीक्षा!

"सिय्या, पोर फावोर!" आजींनी कळवळून विनवलं.

धाकट्याने त्यांना हात धरून थेट पलंगापाशी नेलं, उशी थोपटली आणि ठणकावलं, "सिय्या!"

आजींनी पलंगाकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं. मग बसल्या. मग टेकल्या. मग चक्क घोरू लागल्या!

"अहो, सिय्या म्हणजे खुर्ची!" मालकीणबाई कुजबुजल्या.

"नाही हो बाई, आमच्याकडे पलंगच आहे."

"मग खुर्चीला काय म्हणता?"

"कामा."

"कामा म्हणजे पलंग!"

धाकट्याला सगळीकडे कोंबड्या दिसू लागल्या.

तासाभराने आजी टवटवीत होऊन उठल्या, "ग्रासियास, ग्रासियास!" म्हणत त्याचे गालगुच्चे घेतले आणि पलंग विकत घेतला. वर दोन बहिणींसाठी आणखी दोन!

"उद्यापासून या," मालकीणबाई म्हणाल्या. "फक्त बोलू नका."

घरी येऊन त्याने आईचे दोन्ही हात धरले. "आई, चिठ्ठ्या तू परत लावल्यास ना गं?"

"हो. का रे, चुकल्या का?"

"छे गं! बरोब्बर लागल्या."

"लागणारच," आई हात सोडवत म्हणाली. "मला स्पॅनिश येत नसेल, पण कुठे काय शोभतं ते कळतं!"