सेवकरामांनी आरोग्य कार्डाचा हप्ता कमी केला, त्याची गोष्ट

"अडतीस वर्षं सरकारी खात्यात काढले मी! कमीत कमी हप्ता भरून कार्ड नाही आणलं, तं सेवकराम नाव नाही सांगणार!"

करडीच्या आपल्या घराच्या पडवीत उभं राहून सेवकरामांनी ही घोषणा केली, तेव्हा गोदावरीबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"नाव मंग बदला. आधी कार्ड आणा," त्या म्हणाल्या.

सेवकराम दोन वर्षांपूर्वी टपाल खात्यातून निवृत्त झाले. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना आरोग्य योजनेचं कार्ड मिळतं. हप्ता भरला की दवाखान्याचा मोठा भार सरकार उचलतं. पण 'आपल्याले काय धाड भरली?' म्हणून सेवकरामांनी ते काढलंच नव्हतं! आता नागपूरच्या डॉक्टरांनी गोदावरीबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा त्यांनी तुमसरच्या कैलाशला फोन लावला. कैलाश त्यांच्याच खात्यातला, त्यांच्याही आधी निवृत्त झालेला.

"हप्ता कमाईवर ठरते गा," कैलाश म्हणाला. "ज्याची कमाई जास्त, त्याले हप्ता जास्त. पण त्याच्यात कसं आहे का..."

आणि फोन कटला. करडीत रेंज लाजऱ्या नवरीसारखी येते, तोंड दाखवून लगेच आत!

पुढचं ऐकायची सेवकरामांना गरजच वाटली नाही. हप्ता कमाईवर, म्हणजे कमाई तपासायला माणूस येणार! तो काय पाहणार? फ्रिज पाहणार, टीव्ही पाहणार, गोठ्यातल्या दोन म्हशी पाहणार!

"अजी, पूर्ण ऐकून तं घ्या!" गोदावरीबाई म्हणाल्या.

"सरकार कसा विचार करते, मले माहीत आहे! तू फक्त पाहात राहा!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन गडी लावून फ्रिज शेजारच्या बेबीबाईंच्या घरी गेला. म्हशीही त्यांच्याच गोठ्यात गेल्या. टीव्ही धानाच्या कोठीत पोत्यांखाली झोपला. मोटारसायकल शहापूरला मेव्हण्याकडे, भुपेंद्रकडे, रवाना झाली. घर असं रिकामं दिसू लागलं, जसं काही लग्नाचं वऱ्हाड जेवून निघून गेलंय!

"सेवकभाऊ, सामान काहून हलवून राहिले?" बेबीबाईंनी विचारलं.

"कमाईचा मामला आहे. सरकारी माणूस येणार आहे. कोणाले सांगू नको!"

बेबीबाईंनी कोणालाच सांगितलं नाही. फक्त नळावर सांगितलं. नळावर होता 'सरकारी माणूस', तो किराणा दुकानात पोहोचेपर्यंत 'पेन्शन बंद' झाला, आणि पारावर गेला तेव्हा त्याची चक्क 'जप्ती' झाली होती!

दुपारपासून लोक येऊ लागले. कोणी तांदूळ आणले, कोणी तुरीची डाळ. किराणावाला स्वतः येऊन म्हणाला, "काका, चिंता करू नका. सामान नेत जा. पैशाचं मंग पाहू."

गोदावरीबाईंना मान वर करवेना. सेवकराम मात्र खुशीत! त्यांनी दार लोटून हळूच सांगितलं, "पाहिलं? आता तं गावही साक्ष देईन!"

"अजी, लोक आपल्याले भिकारी समजून राहिले!"

"समजू दे! हप्ता उतरून राहिला ना!"

तेवढ्यात मोटारसायकल घेऊन भुपेंद्र धडकला. डोळे लाल. आल्या आल्या बहिणीला म्हणाला, "बाई, कपडे भर! चाल शहापूरले! भाऊजीनं टपालाचा पैसा खाल्ला म्हणतात. मले पटत नाही, पण घर पाहून तं..."

सेवकराम ताडकन उठले. "कोण म्हणते? अडतीस वर्षांत एक तिकीट इकडचं तिकडं नाही केलं मी!"

ही गोष्ट खरी होती, आणि म्हणूनच झोंबली. पण उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. बाहेर ओरडा झाला, "आला! आला! सरकारी माणूस आला!"

सेवकरामांनी सदरा भिरकावला, फाटकी बनियन सरळ केली आणि उघड्या जमिनीवर आडवे झाले. दारात हेल्मेट घातलेला, हातात फाइल घेतलेला माणूस उभा राहिला.

"साहेब!" सेवकराम कण्हले. "घरात काही नाही! एका वेळचं जेवतो!"

"आणि म्हशी माह्या आहेत!" बाहेरून बेबीबाई गरजल्या. "हात लावला तं पाहा!"

त्या माणसानं हेल्मेट काढलं. कैलाश!

"काय गा, तब्येत बिघडली का?" तो घाबरून म्हणाला. "फोन लागेना, म्हणून फॉर्म घेऊन आलो."

"तू आला? चौकशीले कोण येते मंग?"

"कायची चौकशी? कमाई म्हणजे रिटायर होताना तुझा पगार कोणत्या पायरीवर होता, ते. तुह्या पेन्शनच्या कागदावर छापून आहे! म्हशी कोण मोजते?"

मग भुपेंद्र खो खो हसत सुटला. गोदावरीबाईंनी आणून दिलेला पेन्शनचा कागद कैलाशनं पाहिला आणि वर मान केली.

"तुले वरचा हप्ता लागते गा. रिटायर व्हायच्या चार महिन्यांआधी साहेबासंगं भांडून बढती घेतली होती न तू? त्या बढतीनंच वर नेलं!"

"पण हप्ता वरचा, तं खोलीही वरचीच भेटते न?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"हो वहिनी. स्वतंत्र खोली."

"मंग भरा," त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. "आणि आधी सदरा घाला."

हप्ता भरला, कार्ड आलं, दीड महिन्यानं नागपूरला ऑपरेशनही झालं. स्वतंत्र खोली, एसी, सोबतच्या माणसाला गुबगुबीत सोफा! तिसऱ्या दिवशी गोदावरीबाई वॉकर धरून चार पावलं चालल्या. सेवकरामांचे डोळे पाणावले, पण हिशेबी डोकं शाबूत होतं. राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी ऐटीत विचारलं,

"डॉक्टरसाहेब, डाव्या गुडघ्याचं कधी करता? हप्ता वसूल झाला पाहिजे!"

"माहा डावा ठीक आहे," गोदावरीबाई पलंगावरून नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "याईचाच पाहा एकदा."

डॉक्टरांनी सहज म्हणून सेवकरामांचा गुडघा दाबला. अशी बोंब उठली की नर्स धावत आली!

डॉक्टरांनी शांतपणे पेन काढलं आणि सेवकरामांच्या नावानं एक्स-रेची चिठ्ठी लिहिली.