आठ दिवसांत खुलासा

बुधवारी सकाळी मॅडमच्या मिस्टरांनी बासष्ट जणांना एक साधं पत्र पाठवलं आणि शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांतल्या एक्केचाळीस जणांनी आपापले ब्लॉग पुसून टाकले. पत्र खरोखरच साधं होतं. निदान मिस्टरांच्या मनात तरी.

मॅडम वकिलातीत वरच्या हुद्द्यावर होत्या. नोकरी अशी, की दर तीन वर्षांनी देश बदलायचा आणि दर देशात खिडक्यांची मापं वेगळी निघायची. मिस्टर एके काळी कॉलेजात ग्रंथपाल होते. दुसऱ्या बदलीच्या वेळी त्यांनी नोकरी सोडली, आणि तेव्हापासून त्यांचं नावही सुटलं. वकिलातीत सगळे त्यांना 'मिस्टर' म्हणत. समारंभात कोणी विचारलं, "आपण काय करता?" तर ते म्हणायचे, "मी यांच्याबरोबर असतो." हेही तसं खोटंच होतं, कारण मॅडम सकाळी आठला बाहेर पडायच्या आणि घरी येऊन फक्त साडी बदलून पुन्हा जायच्या. मिस्टरांशी दिवसभरात नेमाने बोलणारी बाई एकच होती. ती लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा सांगायची. हल्ली मिस्टर तिला "बरं" म्हणू लागले होते.

अशा माणसाला मोठ्या बाईंनी काम दिलं. मोठ्या बाई म्हणजे राजदूतांच्या पत्नी आणि वकिलातींच्या कुटुंब मंडळाच्या कायमच्या अध्यक्ष. "अहो मिस्टर, तुम्ही लायब्ररीतले ना? आपली माणसं जगभर ब्लॉग लिहीत बसलेली असतात. कारकुनांपासून साहेबांपर्यंत, बायका, मुलं, सासवा. त्यांची नीट यादी लावून द्या. नवीन बदली झालेल्यांना उपयोग होईल. तसे तुम्ही मोकळेच असता."

मोकळेच हा शब्द मिस्टरांना लागला, पण काम त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. मंडळाची ई-मेलची टपालपेटी त्यांच्या ताब्यात आली आणि पंधरा वर्षांनी त्यांना पुन्हा काहीतरी लावायला मिळालं. आधी त्यांनी ब्लॉग शहरांप्रमाणे लावले. ते फसलं, कारण एका बाईंनी थंडीच्या शहरात सुरू केलेला ब्लॉग मधेच बेटावर गेला होता आणि आता डोंगरात होता. मग हुद्द्याप्रमाणे लावले, तर मोठ्या बाईंचे फुलदाण्यांवरचे तीन लेख सर्वांत वर आले आणि खालून दुसऱ्या, एका वाहनचालकाच्या आजी, ज्यांना हजारो वाचक होते. शेवटी मिस्टरांनी अडचणींप्रमाणे वर्ग पाडले : घर मिळेपर्यंत, सामान वाटेत, मुलांची शाळा, पडदे. एकट्या पडद्यांच्या वर्गात अकरा बायका होत्या.

रोज सकाळी मॅडमची गाडी वळली की मिस्टर चहाचा कप घेऊन बसायचे. त्या अकरांतल्या सर्वांत चिकाटीच्या पडद्यांवाल्या बाईंनी जुना पडदा उसवून नवीन खिडकीला पुरवला की नाही, चालकाच्या आजी आज कोणत्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आल्या, हे त्यांना कळल्याशिवाय चैन पडेना. हा त्यांचा शेजार होता. एवढंच, की शेजाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. खाली प्रतिक्रिया लिहायची सोय होती. मिस्टर लिहायचे, वाचायचे आणि पुसायचे. आपण अगदीच गळ्यात पडतोय असं वाटायचं.

अडचण एवढीच होती, की अर्ध्याअधिक ब्लॉगांवर कित्येक महिन्यांत काही नवीन आलं नव्हतं. ते चालू धरायचे की बंद? विचारायला हवं होतं. मिस्टरांनी पत्र लिहायला घेतलं, ते चार पानं झालं. तुम्ही कशा आहात, गुडघा कसा आहे, मुलाला मित्र मिळाला का. वाचून त्यांची त्यांनाच लाज वाटली. हे पत्र वाचून कोणीही म्हणेल, या माणसाला घरात बोलायला कोणी नाही. आणि खरं तेच होतं. म्हणून त्यांनी ते रद्द केलं, घरच्या कॉम्प्युटरवर मॅडमचा सरकारी पत्राचा 'सर्वसाधारण नमुना' सापडला तो उघडला आणि रिकाम्या जागा भरल्या.

'विषय : जाहीर लिखाणाबाबत. आपल्या लिखाणाची नोंद घेण्यात आली आहे. सदर लिखाण चालू आहे किंवा कसे, याचा खुलासा आठ दिवसांत करावा. खुलासा न आल्यास आपणांस काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. आज्ञेवरून.'

पुढील कार्यवाही म्हणजे नावापुढे 'बंद' असं लिहिणं. आटोपशीर पत्र झालं, असं म्हणून मिस्टरांनी ते बासष्ट जणांना धाडलं. पत्राखाली नाव नव्हतं, आणि टपालपेटीचा पत्ता नुसता आकड्यांचा होता. मॅडम त्याच सकाळी पाहुण्या मंत्र्यांबरोबर दौऱ्यावर गेल्या होत्या, नाहीतर पुढचं रामायण टळलं असतं.

गुरुवारी सकाळी मिस्टर चहा घेऊन बसले तर पडद्यांवाल्या बाईंचा ब्लॉग उघडेना. 'हे पान अस्तित्वात नाही.' बेटावरचा उघडला, तोही नाही. मग टपालपेटी उघडली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

बेटावरून डोंगरात गेलेल्या बाईंनी लिहिलं होतं : 'माझ्या लिखाणाशी माझ्या पतींचा काहीही संबंध नाही. मी काय लिहिते, हे ते वाचत नाहीत. मी काय बोलते तेही ते ऐकत नाहीत. तरी त्यांच्या बढतीवर परिणाम होऊ नये.' एका कारकुनाने आपण ब्लॉगच नव्हे तर कॉम्प्युटरही विकल्याचं कळवलं होतं. चालकाच्या आजींचा खुलासा दोनच ओळींचा होता : 'चूक झाली. परत बसमध्ये बसणार नाही.'

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो मिस्टर, कळलं का? वरून पत्र आलंय!" मोठ्या बाई कुजबुजत होत्या. त्यांच्या कुजबुजीने कप थरथरायचा.

"बाई, ते पत्र म्हणजे..."

"मलाही आलं. मला! साहेब म्हणाले, फुलदाण्यांत कोणाला काय दिसेल सांगता येत नाही, काढून टाक. मी काढले. पाठवणारा कोणीतरी बडा असणार हो, मला पाठवायची छाती आहे म्हणजे."

"बाई, खरं सांगू का..."

"काही सांगू नका! आणि ती यादी जाळून टाका." फोन बंद झाला. यादी कॉम्प्युटरवर होती, ती जाळायची कशी, हे विचारायचं राहून गेलं.

शुक्रवारी दुपारी मिस्टरांनी सारासार विचार करून दुसरं पत्र पाठवलं, आणि भाषेत घोळ नको म्हणून पुन्हा मॅडमच्याच नमुन्यांतलं : 'संदर्भाधीन पत्र मागे घेण्यात येत आहे.' आता या लोकांची आयुष्यं कागदांत गेलेली. पत्र आलं तर घाबरायचं, स्मरणपत्र आलं तर जास्त घाबरायचं, हे त्यांना ठाऊक होतं. पण आलेलं पत्र मागे गेलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पत्र मागे घेतलं म्हणजे प्रकरण आणखी वर गेलं, असा सगळ्यांनी एकमुखाने अर्थ लावला. संध्याकाळपर्यंत बासष्टांपैकी दोन ब्लॉग उरले, आणि त्या दोघांनी टपालच उघडलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मिस्टर लिफ्टने खाली जाऊन वर आले, काही कारण नसताना. मग मंडळाची फोनची वही काढली आणि पहिला नंबर फिरवला. पडद्यांवाल्या बाईंचा.

"तुम्ही कोणत्या विभागातून बोलताय?" पलीकडचा आवाज बारीक झालेला.

"कोणत्याच नाही. मी घरात असतो."

"मीही," बाई म्हणाल्या.

"ते पत्र मी पाठवलं होतं. यादीसाठी. मला फक्त विचारायचं होतं, तुम्ही अजून लिहिता का."

"मग तसं विचारायचं ना, भल्या माणसा! माझी तीन वर्षं गेली त्यात." बाई रडकुंडीला आल्या होत्या, मग रागावल्या, आणि मग अचानक म्हणाल्या, "तुम्ही वाचायचात?"

"रोज. तो हिरवा पडदा पुरला का शेवटी?"

बाई पन्नास मिनिटं बोलल्या. पडदा एक वीत कमी पडला होता.

चालकाच्या आजींनी आधी "मी नाही हो त्या गावची" म्हणून पाहिलं, आणि मग चार बसमार्ग तोंडपाठ सांगितले. कारकुनाने शिव्या घातल्या आणि रविवारी स्वतःहून फोन करून विचारलं, "काय, काय चाललंय?" पुसलेले ब्लॉग परत येणार नव्हते, मिस्टरांनी प्रत्येकाची माफी मागितली. पण मिस्टरांचा घसा सोमवारपर्यंत बसला. इतकं ते लग्नातसुद्धा बोलले नव्हते. यादीत एकेका नावापुढे खूण होत गेली आणि शेवटी एकच ब्लॉग राहिला. त्याला नाव नव्हतं, फोन नव्हता, नुसता ई-मेलचा पत्ता होता. सर्वांत वरची ओळ कचेरीतल्या कंटाळ्यावर होती, म्हणून मिस्टरांनी तो पुढे न वाचताच 'किरकोळ' या वर्गात टाकून दिला होता. त्या वर्गात दुसरं कोणी नव्हतं. तोही आता पुसला गेला होता.

सोमवारी संध्याकाळी मॅडम दौऱ्यावरून आल्या. बॅग दारातच ठेवली, साडी बदलायला गेल्या नाहीत. खुर्चीत बसून राहिल्या.

"बरं नाही का?" मिस्टरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"अहो, बसा जरा. माझी नोकरी बहुतेक अडचणीत येणार आहे." मॅडम जमिनीकडे बघत होत्या. "वरून पत्र आलंय मला. आठ दिवसांत खुलासा. मी... मी एक ब्लॉग लिहायचे. नाव न घालता. दौऱ्यावर चार रात्री झोप नाही मला."

मिस्टर उभे होते ते बसले.

"ते पत्र कुठून आलं असेल, याचा काही अंदाज?" त्यांनी चाचरत विचारलं.

"अंदाज कशाला? मुख्यालयात असताना ती भाषा मीच बसवलीय. त्या पत्रानंतर माणसाचं काय होतं, मला माहीत आहे."

"मॅडम," मिस्टर म्हणाले. घरात ते त्यांना असं कधी म्हणत नसत. "ते मी पाठवलं. तुझाच नमुना घेऊन. यादीसाठी."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. आधी त्यांना काही कळेना, मग सगळं एकदम कळलं. कपाळावर हात मारून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. हसणं थांबलं, पाणी थांबलं नाही.

"सगळं पुसलं मी. दोन वर्षांचं," त्या म्हणाल्या. "दर रविवारी लिहायचे. तुम्ही आत झोपलेले असायचात. वाचक किती, ते दिसतं त्यात. तीन होते. एक मी स्वतः, एक माझी बहीण. तिसरा कोण, कधी कळलं नाही." मग पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "मला आपलं वाटायचं, तुम्हीच असाल. कळलं असेल, आणि बोलत नसाल."

हो म्हणायला काही लागत नव्हतं. पुरावा पुसला गेला होता. पण मिस्टरांनी जन्मात एक खोटी नोंद केली नव्हती, आणि आजच ती करायची तर फार मोठी झाली असती.

"नाही गं," ते म्हणाले. "मी नव्हतो. बाकी एकसष्ट वाचले. तुझा तेवढा उघडून एक ओळ वाचली आणि किरकोळमध्ये टाकला."

मॅडमनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि पदर खोचला. त्या संध्याकाळच्या समारंभाची वेळ टळून गेली होती.

"मग आता विचारा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काय लिहिलं होतं, ते. पहिलाच लेख तुमच्यावर होता. तुम्हाला आवडणार नाही."

"सांग," मिस्टर म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढली.

आत फोन वाजायला लागला. तो चांगला बारा-पंधरा वेळा वाजला, थांबला आणि पुन्हा वाजला. पडद्यांवाल्या बाईंना नवीन कापड मिळालं होतं, आणि हा माणूस आज नेमका कुठे गेला, ते त्यांना समजेना.