चौबळकाका व्हिसा बघतात

चौबळकाका व्हिसाला स्थळ म्हणतात. लिफ्टमध्ये भेटले की स्नोबद्दल नाही, गुडघ्यांबद्दल नाही, थेट सुरुवात: "वीणा, नवीन स्थळ आलंय. चांगलं दिसतंय. पण खोट सापडेलच!"

कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या कॉन्डोत ते माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. रिटायर्ड इंजिनियर, वय बहात्तर. काकू जाऊन चार वर्षं झाली. एकुलती एक मुलगी केतकी आधी जर्मनीत होती, आता पोर्तुगालला गेलीय. काकांनाही तिथेच राहायला जायचंय. फक्त कुठल्या व्हिसावर, हे दोन वर्षं ठरत नाहीये. अहो, एवढ्यात लोकांची लग्नं होऊन मोडतात!

पेन्शनवाल्यांचा व्हिसा त्यांनी बघताक्षणी नापास केला. "तो बसून खाणाऱ्यांचा गं. मी काय बसून खातो?" हे ते माझ्या सोफ्यावर बसून, माझा चिवडा खात म्हणाले. मग लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा आला. काकांचं लॅपटॉपवरचं काम म्हणजे मराठी मंडळाला रोज एक तक्रारीची ईमेल. तेही स्थळ बारगळलं. मग विद्यार्थ्यांच्या व्हिसावर जीव जडला. आठवडाभर पाठीला सॅक लावून फिरले, ग्रोसरीला जातानासुद्धा!

परवा मात्र मी वैतागले. खाली गेले, त्यांच्याच कॉम्प्युटरवर शोधलं आणि ओरडले, "काका, हा बघा की! मुलगी तिथे असेल तर वडिलांना बोलावून घेता येतं. कित्ती सरळ! हा कसा नाही दिसला तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी दिसला होता."

"मग? ह्यात कसली खोट?"

काका चष्मा पुसायला लागले. "त्यात अर्ज मुलीने करायचा असतो."

"मग सांगा ना केतकीला!"

"ती दर रविवारी फोनवर म्हणते, बाबा, दोन आठवडे या. राहायलाच या, असं नाही म्हणत."

"विचारून तरी बघा," मी कसंबसं म्हटलं.

"आणि ती नुसती गप्प राहिली, तर? आत्ता निदान सांगता तरी येतं, की व्हिसा जमत नाहीये."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि म्हटलं, "दाखवा, अजून कुठला आहे?"