सर ॲम्ब्रोज आणि आडवा ओक

आमच्या थॉर्नबेक गावाच्या एकुलत्या एका रस्त्यावर सर ॲम्ब्रोज टॉलिव्हर यांचा ओक पडला, ही घटना मंगळवारची. डॉक्टर प्रिंगल झाडाच्या पलीकडे राहतात आणि माझी बहीण मेबल, दिवस भरलेली, अलीकडे. सबब, झाड तातडीने हलवण्याची विनंती आम्ही आमच्या खासदारांना केली. आमचे खासदारही सर ॲम्ब्रोजच.

तरुणपणी सर ॲम्ब्रोज अडथळ्यांच्या शर्यतीत साऱ्या इंग्लंडला मागे टाकत. रोज पहाटे बटलर हिरवळीवर दहा अडथळे मांडून प्रत्येकावर चहाचा भरलेला कप ठेवी आणि सर ॲम्ब्रोज एक थेंब न सांडता दहाही पार करत. पुढे गुडघा गेला, तेव्हा घराण्याच्या रीतीप्रमाणे ते राजकारणात आले.

शनिवारी ते जातीने हजर झाले. बुंधा मापला.

"साडेतीन फूट! शर्यतीच्या अगदी नियमातलं!"

सुतार गॉसलिंग करवत घेऊनच आला होता. "साहेब, अर्ध्या तासात तुकडे करतो."

"शर्यत चालू असताना अडथळा कापणाऱ्याला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"सुतार, साहेब."

"रडीचा डाव, गॉसलिंग! रडीचा डाव!"

सगळ्या गावाने माना खाली घातल्या. आमच्याकडे माणूस चोर निघाला तर एक वेळ चालतं. रडका निघाला तर त्याला कुणी चहाला बोलवत नाही.

मग सर ॲम्ब्रोजनी स्वतः उडी मारली. अहाहा! पलीकडे त्यांना दोन नोकरांनी झेललं, पण ते आम्ही पाहिलं नाही. पाहणं असभ्य ठरलं असतं.

सोमवारी नियमावली लागली. एका वेळी एकाने उडी मारावी. बुंध्याला स्पर्श झाल्यास रांगेच्या शेवटी जावं. गॉसलिंग कायमचा बाद. आणि पंच म्हणून, लाल झेंड्यासकट, शाळेतून निवड झाली माझी! आयुष्यात पहिल्यांदा मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

एकदा रांग लागली म्हटल्यावर विषयच संपला. झाडाबद्दल तक्रार करायची तर आधी रांग मोडायला हवी, आणि एवढा निर्लज्ज आमच्यात कोण? पाद्री उडाले, दूधवाला उडाला. मिस्टर डॉब्ज यांची शवपेटी दुसऱ्या प्रयत्नात पार झाली. "जिवंतपणी यांना पायरी चढवत नव्हती हो," मिसेस डॉब्ज कौतुकाने म्हणाल्या.

गुरुवारी मेबलला कळा सुरू झाल्या. आई धावत झाडापाशी आली.

"डॉक्टर, अहो या ना लवकर! पोरगी तळमळतेय!"

"आलोच हो बाई! माझ्यापुढे तेराच जण आहेत."

तेराही जणांनी सहानुभूतीने टोप्या काढल्या. जागचं कुणी हललं नाही.

अखेर डॉक्टरांचा नंबर आला. सत्तरीचा म्हातारा, पण उडी मारली बरं का! फक्त बॅग घासली बुंध्याला. इतकुशी.

सगळे माझ्याकडे बघत होते. आईसुद्धा.

मी झेंडा वर केला.

"योग्य निर्णय, बाळ," डॉक्टर म्हणाले आणि शेवटी जाऊन उभे राहिले.

बाळंतपण गॉसलिंगने केलं. त्याला रांगेतून काढलेलं असल्यामुळे तोच एकटा मोकळा होता. नशिबाने बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप. बाळाचं नाव गावाने एकमताने ठेवलं: ॲम्ब्रोज. बाळाला चांदीचा कप मिळाला.

शरद ऋतूत निवडणूक झाली. सर ॲम्ब्रोज प्रचंड मतांनी निवडून आले. विरुद्ध उभ्या राहिलेल्या गॉसलिंगला आमच्या गावात स्वतःचं सोडून एकच मत पडलं.

"मतदान गुप्त असतं म्हणे," आई मेबलला म्हणाली. "तू निदान चेहरा तरी गुप्त ठेवायचास!"

मेबल माझ्याशी अजून बोलत नाही. वाईट वाटतं. पण झेंडा सोडवत नाही.

तुम्हाला हसू येतंय ना? हसा खुशाल. फक्त मागून ढकलू नका, तुमच्यापुढे अजून बरेच जण आहेत.