शेगडी निर्दोष आहे!

आधीच सांगून ठेवतो, शेगडीची चूक नव्हती. माझीही नव्हती. आयर्लंडमधल्या रॉसकॉमनच्या आमच्या गावात कुणी काहीही सांगो, मी मागे हटणार नाही!

आमच्याकडे दरवर्षी एकेका घरी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना होते; यंदा पाळी आमच्या घराची होती. फादर घरी येणार, दिवाणखान्यात मिस्सा वाचणार, मग सगळ्या शेजाऱ्यांना आमच्याकडे नाश्ता. अशा वेळी घराला रंग काढावाच लागतो, नाहीतर शेजारणी वर्षभर भिंतींबद्दलच बोलतात. मी रंग तर काढलाच, वर नव्या खिडक्या बसवल्या, दारांना रबरी पट्ट्या ठोकल्या, एकूण एक फट बुजवली.

"डेलिया, आता वाऱ्याची काय बिशाद आत शिरायची!" मी बायकोला म्हणालो.

"वाऱ्याचं राहू दे, तुझ्या शेगडीचं सांग," ती म्हणाली. "फादरांसमोर धूर दिसला, तर सोमवारी गवंडी बोलावून शेगडी बुजवणार. विजेचा हीटर आणणार!"

माझ्या बापानं भिंतीत हातानं बांधलेली धुराड्याची शेगडी! तिच्यासमोर मी चालायला शिकलो. तिथे हीटर?

"मंजूर!" मी छाती ठोकून म्हणालो. "धूर आत ढकलतो वारा. वाराच बंद, तर धूर कुठला?"

मिस्सेच्या सकाळी शेगडीत आमचं नेहमीचं जळण, दलदलीतल्या मातीच्या वाळक्या ढेपा, रचल्या. जाळ असा झकास की बघत राहावं. माणसं खुर्च्यांवर, खिडकीत, जिन्यावर दाटीवाटीनं बसली. सगळ्यांत शेवटी डेलियाची विनीमावशी आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठाण मांडून बसली. फादर कॉनबॉय प्रवचनाला उभे राहिले. आत डेलियानं सॉसेज तळायला टाकले, आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून नवा एक्झॉस्ट फॅन लावला.

झालं! शेगडीनं एक ढेकर दिला आणि धुराचा लोट खोलीत आला.

डेलियानं दारातून डोकावून पाहिलं. धूर दिसताच तिनं काय करावं? फॅन आणखी जोरात केला! आणखी धूर! तिनं फॅन आणखी वाढवला! समोरचे फादर मला दिसेनात, नुसता आवाज ऐकू येत होता.

श्वास घ्यायला मी दिवाणखान्याचं मागचं दार उघडलं. आणि काय आश्चर्य! धूर गुमान धुराड्यात चढायला लागला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फॅन घरातली हवा बाहेर फेकत होता, आत यायला मी फट ठेवली नव्हती, म्हणून तो बिचारा धुराड्यातूनच हवा ओढत होता, धुरासकट! शेगडीचा संबंधच काय?

धाड! विनीमावशीनं दार लावलं.

"पुढच्या दारानं आलेली माणसं आत आहेत," ती माझ्या कानात फणफणली, "आणि तू मागचं दार उघडतोस? घराचं नशीब बाहेर घालवतोस, मेल्या?"

"मावशी, धूर—"

"धुरानं कुणी मेलं नाही. नशीब गेलेले मात्र भिकेला लागले!"

मी दार उघडायचो, ती लावायची. शेवटी ती दारालाच पाठ लावून उभी राहिली. प्रवचन चालू, ओरडायची सोय नाही, की स्वयंपाकघराच्या दारात अडकलेली तिची खुर्ची सरकवायची. मी डेलियाला खूण केली. बोट गोल फिरवलं, म्हणजे फॅन. मग हात झटकला, म्हणजे बंद कर.

डेलियानं मान डोलावली आणि फॅन फुल्ल केला!

खोलीभर नाकं ओढल्याचे आवाज. सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा. गावचा खाटीक पीडर, जो आईच्या अंत्ययात्रेतही रडला नव्हता, तो टोपीनं डोळे पुसत होता.

मिस्सा संपली. फादर माझ्याजवळ आले, माझा हात धरला.

"मॅलकी, एवढी वर्षं प्रवचनं देतोय. माणसं जांभया देतात, घड्याळं बघतात. आज पहिल्यांदा रडली रे! मोतीबिंदूमुळे मला सगळं धुरकट दिसतं, पण हुंदके ऐकले मी."

"अहो फादर, तो तर—" विनीमावशी बोलू लागली. डेलियानं तिला असा चिमटा काढला की ती पुढचं विसरली.

मी संधी सोडतो होय? "फादर, डेलिया ही शेगडी बुजवणार आहे."

"बुजवणार? हिच्यापुढे लोकांच्या काळजाला पाझर फुटला! हात लावायचा नाही! मी पाळीबिळी मानत नाही, पुढच्या वर्षीची मिस्साही इथेच. आणि शेगडी अशीच पेटलेली हवी!"

जिंकलो! शेगडी वाचली! सगळे गेल्यावर मी डेलियाला फॅनची करामत समजावली, ताठ मानेनं चाकू घेतला आणि खिडकीच्या रबरी पट्ट्या उचकटायला बसलो. हवेला वाट मिळाली की शेगडी काय चीज आहे ते या बाईला दाखवणार होतो.

डेलियानं माझ्या हातातला चाकू काढून घेतला.

"खबरदार एकही फट पाडलीस तर! पुढच्या वर्षी गावाला रडवणार कोण, तू?"